तिन्ही पाठांत विझलेला दिवा

मुकी वस्तू साक्ष देते, अशा कथा आपल्याकडे घरोघर सांगितल्या जातात. मारून पुरलेल्या मुलीच्या जागी झाड उगवते आणि फूल तोडायला आलेल्याला मारणाऱ्याचे नाव सांगते. कुठे झाडाऐवजी पक्षी असतो, कुठे हाडाची पुंगी, कुठे नुसताच वरवंटा. बायकांनी सांगितलेल्या पाठात ती वस्तू गाते. पुरुषांच्या पाठात ती राजाच्या दरबारात बोलते. पाठभेद पुष्कळ आहेत, पण दोन गोष्टी मात्र कुठेही बदलत नाहीत. वस्तूला वाचा फुटते, आणि ऐकणारा तिच्यावर विश्वास ठेवतो.

मी मोटारसायकलच्या पुढच्या दिव्यातला बल्ब बोलतो आहे. माझी कथा याच कुळातली. मलाही साक्ष द्यायची होती. ती ऐकण्याची विद्या जिला येत होती ती बाईही माझ्यापर्यंत पोहोचली. तरीही ही कथा त्या कुळाला शोभेल अशी संपली नाही.

गंगापूरच्या रस्त्यावर, कालव्याच्या पुलाजवळ, तिन्हीसांजेला एक अपघात झाला. त्यात कडूबाई नावाची बाई गेली, आणि तिला मोटारसायकलवर मागे बसवून आणणारा तिचा मुलगा प्रणय वाचला. या अपघाताचे तीन पाठ आज प्रचलित आहेत.

पहिला पाठ पोलीस ठाण्यातला. तो इंद्रजीत नावाच्या तरुणाचा. समोरून येणारी मोठी पांढरी गाडी तो चालवत होता. त्याच्या पुढे उसाची ट्रॉली होती. समोर एकही दिवा दिसला नाही म्हणून तो ट्रॉलीला ओलांडायला उजवीकडे निघाला, आणि बिनदिव्याची मोटारसायकल एकदम पुढ्यात आली, असे तो सांगतो. दुसरा पाठ त्या शिवारात आलेल्या ऊसतोड मजुरांचा. कालव्यात आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, राहतात. तिन्हीसांजेला पुलावरून जाणाऱ्याचा दिवा त्या फुंकर मारून विझवतात. म्हणून मजुरांनी पुलाच्या कठड्याशी हिरवा चुडा आणि लिंबू ठेवले. तिसरा पाठ खुद्द प्रणयचा. तो दोनच शब्दांचा आहे: आठवत नाही. डोक्याला मार लागल्यामुळे त्या संध्याकाळचा तुकडाच त्याच्या स्मरणातून निखळला होता.

या तिन्हींत कारण वेगळे, दोषी वेगळा. पण दिवा तिन्ही पाठांत विझलेलाच आहे. तिसऱ्या पाठात तर दिव्याचा उल्लेखही नाही, पण ऐकणारा ती मोकळी जागा अंधाराने भरून घेतो. मी पेटलेला होतो, असे सांगणारा चौथा पाठ फक्त माझ्याजवळ आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. काचेच्या फुग्यात टंगस्टनच्या दोन बारीक तारा बसवल्या, एक जवळ पाहण्यासाठी, एक लांब पाहण्यासाठी, आणि आतली हवा काढून घेतली. हवा लागली तर तापलेली तार जळून जाते. आमच्या जातीचे आयुष्य या एका अटीवर चालते. एकदा पेटवून पाहिले, विझवले आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद केले. खोके गुलमंडीच्या मागच्या एका बोळातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात येऊन पडले.

तिथून मला कडूबाईने आणले. तिचा नवरा बन्सी याची ती मोटारसायकल होती. तो वारल्यावर प्रणय ती चालवू लागला. गाडी जुनी होती. आताच्या गाड्यांचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. हिचा दिवा बटणावर होता, माणसाच्या मर्जीवर. जुना बल्ब गेला तसे प्रणयने दोन आठवडे चालढकल केली. शेवटी कडूबाई स्वतः मागे बसून दुकानात आली.

"अम्मा, ये ले लो, अच्छा चलता है," दुकानदाराने मला पुढे केले.

"चलता है म्हंजे? किती चलता है?"

"काँच का माल है अम्मा. इसकी क्या, मैं तो अपनी भी गारंटी नहीं देता."

"तुझी कोन मागतंय? तुझी तुझ्या बायकूला दे. मला बल्बाची दे."

दुकानातले सगळे हसले. दुकानदाराने मला तिच्यासमोर पेटवून दाखवले. तिने डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाली, "हां. हा दिसतो."

तिचे नाव कडू का, हे पुढे मी तिच्याच तोंडून ऐकले. आधीची भावंडे पाळण्यातच गेली, म्हणून आईबापांनी हिला कडू म्हटले. कडवट वस्तू मरण तोंडात धरत नाही, असा समज. दगडू, पुंजा ही नावे याच वर्गातली. ती जगली, तिच्या पाठीवर झालेला राजकुमारही जगला, आणि बहिणीच्या नावाने भाऊ वाचला असे घरात ठरून गेले. तिला स्वतःला हे पटत नसे. "नावाला भिऊन मरन माघारी गेलं असतं, तर एवढे दवाखाने कशाला बांधले असते?" असे ती सुनेला म्हणे. घरात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. तिन्हीसांजेला तिथे ती मेणबत्ती लावी. आसरा, सटवाई, दृष्ट यांना त्या घराने पिढीपूर्वीच निरोप दिलेला होता.

पुंडलिकनगरातल्या त्या घरात मी दोन वर्षे काढली. प्रणय वाळूजला कारखान्यात कामाला होता. पहाटेच्या पाळीला मी त्याच्यापुढे धावे आणि सकाळी कारखान्याच्या दारात विझे. या काळात माणसांची एक सवय मी नीट पाहून घेतली. अंधार पडला हे माणूस सहसा मान्य करत नाही. उजेड सरत आलेला असतो, झाडे काळी पडलेली असतात, तरी 'अजून दिसतंय की' म्हणत तो पुढे जात राहतो. दिवा लावणे त्याला उगाच खर्च केल्यासारखे वाटते. प्रणयला ही सवय होती, आणि ती मोडण्याचे काम कडूबाईने अंगावर घेतलेले होते. मागून त्याच्या खांद्यावर बोटाने टोचायची आणि म्हणायची, "लाव."

पौष महिना होता. राजकुमारमामाच्या नातवाचा नामकरण विधी होता, म्हणून मायलेक गंगापूरच्या पलीकडे त्यांच्या गावी गेले होते. प्रणयची बायको रूपा हिला ताप होता, ती घरी राहिली. निघताना मामीने हुरड्याची पिशवी कडूबाईच्या मांडीवर ठेवली. गाव सुटले तेव्हा ऊन होते. कालवा जवळ आला तेव्हा आकाशात तांबूस रेघ उरली होती आणि रस्ता राखेच्या रंगाचा झाला होता.

त्याच्या खांद्यावर बोट आले. "प्रणय, दिवा लाव."

"दिसतंय की आई अजून."

"तुला दिसतंय रे. समोरच्याला तू दिसायला पायजे."

त्याने बटण दाबले. मी पेटलो. खालची, जवळ पाहणारी तार तापून पांढरी झाली आणि पुलाचा कठडा माझ्या उजेडात आला. समोरून उसाची ट्रॉली येत होती. तिच्यावर गाणी एवढ्या जोरात लावलेली होती की रस्ता थरथरत होता. तिच्या मागून पांढरी गाडी बाहेर पडली आणि आमच्या बाजूला आली. इंद्रजीतच्या हातात मोबाइल होता. त्याच्या चेहऱ्यावर मोबाइलचा निळा उजेड मी पाहिला. त्याने वर पाहिले तेव्हा मी त्याच्या डोळ्यांत होतो.

माझी काच फुटली. त्याच क्षणी मला वीज पुरवणारी वायरही तुटली. तापलेल्या तारेला हवा लागली, तिच्यावर पिवळट भुकटी धरली, आणि ती पुरती जळण्याआधीच थंड झाली. म्हणजे माझ्या पोटात त्या क्षणाचा लेखच कोरला गेला. खालची तार काळवंडलेली, भुकटीची. वरची, जी पेटलेली नव्हती, ती लख्ख. ज्याला वाचता येते त्याला एवढे पुरे. पेटलेला दिवा फुटला तर तार अशी होते, विझलेला फुटला तर दोन्ही तारा चकचकीत राहतात.

रस्त्यावर हुरडा सांडला होता. लोक धावत आले ते हुरड्यावरून.

पुढे जे झाले ते पाठ कसे घडतात याचे उदाहरण म्हणून पाहण्यासारखे आहे. प्रणय बेशुद्ध होता, कडूबाई बोलण्यापलीकडे गेली होती. म्हणजे ठाण्यात पहिला बोलणारा इंद्रजीतच. त्याच्याबरोबर त्याचे चुलते आप्पासाहेब आले. त्यांची परिसरात मोठी जमीन, आणि उसाच्या ट्रॉल्याही त्यांच्याच सांगण्यावरून चालत. ट्रॉलीच्या चालकाला विचारले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, टेप लई जोरात व्हता, मला काय दिसलं नाय." आवाजाने डोळे कसे मिटतात, हे त्याला कोणी विचारले नाही. पहिल्याने सांगितलेला पाठ कागदावर गेला. हयगयीने वाहन चालवून आईच्या मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा प्रणयवर दाखल झाला.

"आईला मागं बसवून बिनदिव्याचं कोण फिरतं? आम्ही तर जनावरं नेतानासुद्धा कंदील बांधतो," असे आप्पासाहेब ठाण्याच्या पायरीवर सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. मी तेव्हा अंगणातल्या जप्त गाड्यांच्या ढिगात, मोडक्या मोटारसायकलच्या खोबणीत होतो.

आईच्या जलदान विधीच्या दिवशी काय झाले, ते प्रणयनेच पुढे माझ्यासमोर सांगितले. पाहुणे उठल्यावर राजकुमारमामा त्याच्या शेजारी येऊन बसले. ते शाळेत शिपाई होते, निवृत्त झालेले. बहिणीला आक्का म्हणत. सरळ मनाचा माणूस, पण एकदा धरलेले सोडत नसे.

"भाच्या, मला एकच सांग. दिवा लावला व्हता का नाय?"

"मामा, मला आठवत नाही."

"लावला व्हता म्हन, मी त्या पोरासंगं भांडायला तयार हाय. नव्हता लावला म्हन, चूक झाली म्हनून पोटाशी धरीन तुला. आक्काचं लेकरू हायस तू. पन आठवत नाय म्हनू नको. आठवत नाय हे चोराचं उत्तर असतं."

"मामा, खरंच..."

"बरं," मामा म्हणाले आणि उठले. त्यानंतर त्यांनी भाच्याचा फोन उचलला नाही. कुणी पाहुण्याने आसरांचा विषय काढला तर मात्र ते ताडकन म्हणत, "आपल्यात आसरा नसत्यात. आपल्यात मानूस असतो, आन त्याची चूक असती."

म्हणून खटल्याची भीती प्रणयला होती त्याहून मोठी दुसरीच एक गोष्ट त्याला खात होती. आपण आपली आई मारली की नाही, हे त्याला ठाऊक नव्हते. सगळे जग त्याला विचारत होते आणि तो स्वतःला विचारत होता. उत्तर माझ्या पोटात होते.

एका दुपारी तो ठाण्याच्या अंगणात आला. एक हात अजून गळ्यात होता. अंगणाची राखण पुंजाराम हवालदारांकडे होती. मनाने चांगला माणूस. जप्त गाड्यांत पिले घातलेल्या मांजरीला तो आपल्या डब्यातले दूध देई.

"काय बघतो रे तिच्यात? गाडी नाय सुटायची आत्ता."

"गाडी नको हवालदारसाहेब. बल्ब बघायचाय फक्त."

"फुटलाय की त्यो."

"तार आहे का बघतो."

"बघ बाबा. माझा साडू मेकॅनिक हाय. त्यो म्हनतो, तार शाबूत तर बल्ब चालू. साधी गोष्ट हाय." हवालदारांनी इकडेतिकडे पाहिले. "ती रिक्षा हाय ना, परवाच आनली, तिची बॅटरी जिवंत हाय. लाव तिला. आपल्यालाबी कळंल."

मला वाचा असती तर त्या क्षणी मी एकच शब्द उच्चारला असता. कथेतल्या झाडाला फूल तोडणाऱ्याला 'थांब' म्हणता येते. मला येत नव्हते.

प्रणयने मला खोबणीतून काढले, रिक्षाच्या बॅटरीच्या दोन वायरी धरल्या आणि टेकवल्या. खालची तार उघड्या हवेत भडकली, पांढरा धूर निघाला आणि ती तुटली.

"पेटला! पेटला की रं!" हवालदार लहान पोरासारखे ओरडले. "म्हंजे चालू व्हता!"

प्रणयच्या डोळ्यांतून पाणी आले.

"आता वरचीबी बघ. डिपर बघितला, अप्पर बघ. कोर्टात दोन्ही इचारतील."

त्याने वायर सरकवली. लख्ख राहिलेली वरची तारही भडकली आणि तिच्यावरही तीच पिवळट भुकटी धरली. पेटलेली आणि न पेटलेली, या दोघींतला भेद तिथेच संपला. हवालदारांनी चहा मागवला. प्रणयने रूपाला फोन लावला आणि फक्त "चालू होता, रूपा, चालू होता" एवढेच पुन्हा पुन्हा म्हटले. अपघातानंतर तो पहिल्यांदा हसला तो त्या दिवशी. मला त्याने परत खोबणीत बसवले, फार जपून.

प्रणयच्या वकिलाने न्यायालयाची परवानगी काढून विशाखाला बोलावले तेव्हा उन्हाळा लागला होता. ती अपघातांचा शोध घेणारी अभियंता. शहरात सिडकोत तिचे कार्यालय होते. मोडलेल्या गाड्या, घासलेले टायर, डांबरावरचे ओरखडे यांवरून काय घडले ते मागे मागे जात जुळवणे हा तिचा व्यवसाय. लोककथांचे पाठ ताडून मूळ पाठ शोधणाऱ्याची रीत आणि तिची रीत एकच आहे: जो तपशील कुणाच्याही सोयीचा नाही तो बहुधा जुना आणि खरा. मात्र ती गोष्टी सांगणाऱ्यांचे फारसे ऐकत नसे. लोखंडाचे ऐके.

अंगणात तिने आधी मोटारसायकलचा पुढचा भाग नीट पाहिला, मग भिंगातून मला.

"हा कुणी काढला होता का?"

प्रणय उत्साहाने पुढे आला. "मीच. मॅडम, मी तपासलाय. पेटतो. हवालदारसाहेब साक्षीदार आहेत."

"पेटवला?"

"बॅटरीवर. दोन्ही तारा."

"दोन्ही?"

"हो, दोन्ही."

तिने भिंग खाली ठेवले. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" ती जवळजवळ ओरडली. पुंजाराम हवालदार मांजरीकडे पाहू लागले. विशाखाने स्वतःला आवरले, पण आवाज कडवटच राहिला. "प्रत्येक वेळी हेच. ट्रक असो, कार असो. माणूस मेला की लोक पहिलं काम काय करतात, तर दिवा लावून बघतात. तार शाबूत आहे याचा अर्थ तार शाबूत आहे. ती तेव्हा तापलेली होती का, हे बघायचं असतं. ते तिच्यावरच्या भुकटीवरून कळतं. आता ही भुकटी अपघाताची का तुमच्या बॅटरीची, हे मी कसं सांगू? निदान एक तार सोडायची होती. एक जरी लख्ख मिळाली असती ना..."

प्रणयला ते लगेच समजले नाही. समजले तेव्हा तो रिक्षेला टेकून खाली बसला.

तरी ती थांबली नाही, हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे. मला एका डबीत ठेवून ती पुलावर गेली, प्रणयला बरोबर घेतले. हातात धरून चालवायचे मोजमापाचे चाक फिरवत तिने रस्ता मोजला. डांबरात एके ठिकाणी खोल खोबण पडली होती, मोटारसायकलचा पाय ठेवायचा दांडा जिथे रुतला तिथे. त्या खोबणीपाशी वाकून ती म्हणाली, "धडक इथं झाली. हा तुमचा भाग. ते तुमच्या बाजूला आले होते, हे पक्कं आहे."

"मग?" त्याने आशेने विचारले.

"ते नाकारतच नाहीत ना. दिवा दिसला नाही म्हणून आलो, असंच म्हणतायत. म्हणजे सगळं पुन्हा बल्बावरच येतं."

"आणि तो मोबाइलवर असेल तर?"

"तपासात फोन घेतलेलाच नाही. पोलिसांनी मागितला नाही. मी मागून काय उपयोग, इतके महिने झाले."

कठड्याशी चुड्याचे तुकडे अजून होते. तिने त्यांचेही छायाचित्र घेतले. तिची तशी पद्धतच होती.

कार्यालयात तिने मला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. त्या मोठ्या प्रकाशात मी उघडा पडलो होतो, आणि मी जे सांगत होतो त्यावर माझ्याच दुसऱ्या आगीचा आवाज चढलेला होता. रूपा आणि प्रणय समोर बसले होते.

"मॅडम, कोर्टाचं जाऊ द्या," प्रणय म्हणाला. "मला सांगा. तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं याला काही अर्थ नाही."

"मला आहे."

"तार ताणल्यासारखी दिसते. पेटलेली असताना धक्का बसला तर ताणते. पण तुटली ती तुमच्या हातात. तुम्ही ती काढली, बसवली. मी नाही सांगू शकत."

रूपा पुढे सरकली. "ताई, 'चालू होता' एवढं म्हणा ना. शिक्षेचं नाही म्हणत मी. तुम्ही म्हटलंत तर मामा ऐकतील. शिकलेल्यांचं ऐकतात ते. यांची विचारपूस करणारी दोनच माणसं होती, एक गेलं आणि एक बोलत नाही."

विशाखाने चष्मा काढला. "मागच्या वर्षी एका तज्ज्ञाने असंच म्हटलं. तिथंही दिवा पेटवून बघितलेला होता. त्याच्या म्हणण्यावर एक ट्रकवाला आत आहे. तो दोषी आहे का, मला माहीत नाही. त्या तज्ज्ञालाही माहीत नव्हतं."

"मग आमचं काय?"

"माहीत नाही," ती म्हणाली. हे उत्तर तिने दोन प्रश्नांना मिळून दिले.

तिचा मला राग येतो. आणि ती चुकली असे मला म्हणता येत नाही. कथेतल्या राजाला एकाच झाडाचे ऐकायचे असते. हिने अशी कितीतरी झाडे पाहिली होती, आणि त्यांतली काही खोटे बोलताना पकडली होती.

न्यायालयात सरकारी वकिलाने तिला विचारले, "दिवा बंद होता, असं तुम्ही सांगू शकता?" ती म्हणाली, "नाही." प्रणयच्या वकिलाने विचारले, "दिवा चालू होता, असं सांगू शकता?" ती म्हणाली, "नाही. अपघातानंतर तो पेटवला गेला. आता काहीच सांगता येणार नाही." मी पुढच्या मेजावर पारदर्शक पिशवीत होतो. तिने एकदा माझ्याकडे पाहिले.

निकाल प्रणयच्या बाजूने लागला. दोष सिद्ध होत नाही, संशयाचा फायदा देऊन मुक्त करण्यात येत आहे. वकील खूश झाला. आप्पासाहेब व्हरांड्यात त्याच्याजवळ येऊन म्हणाले, "सुटलास ना? मग झालं तर. आता आपण दोघांनीबी इसरायचं." इंद्रजीत गाडी आणायला गेला होता. त्याच्यावर खटला कधी झालाच नव्हता, म्हणून त्याला सुटावेही लागले नाही.

विस्मृतीने ज्याला ग्रासले त्याला कायद्याने आणखी थोडा संशय दिला आणि त्याला फायदा म्हटले. मोटारसायकल परत देण्याचा हुकूम झाला, तिच्याबरोबर मीही प्रणयच्या हातात आलो.

इथे मला तुमचा निरोप घ्यायचा आहे, कारण यापुढची कथा माझी उरत नाही. माझ्यात आता तार नाही, सांगायला भुकटीही धड नाही. मागणे एकच. फुटलेला साक्षीदार हाती लागला तर त्याला पुन्हा पेटवून विचारू नका. तो उत्तर देतो, पण ते तुमचे असते. आणि दुसरे, ज्याला खरेच आठवत नाही त्याला तसे म्हणू द्या. पाठ टिकतो तो खरा असतो म्हणून नव्हे. तो सांगायला आणि ऐकायला सोपा असतो म्हणून. हे मी माझ्या डोळ्यांदेखत घडताना पाहिले, ते असे.

न्यायालयाच्या फाटकाबाहेर चहाची टपरी आहे. तिथल्या बाकावर राजकुमारमामा बसलेले होते. निकालाचे कुणीतरी कळवले असावे. ते थकलेले दिसत होते. प्रणय आणि रूपा समोर जाऊन उभे राहिले.

"सुटलास म्हनं."

"हो मामा."

"ती बाई काय म्हनली?"

"सांगता येत नाही म्हणाली."

"आन तू?"

प्रणयने मला बाकावर ठेवले. रस्त्यावरून एक जीप गेली, गंगापूर गंगापूर ओरडत. मामा त्याच्याकडे पाहत राहिले.

"नव्हता लावला, मामा," प्रणय म्हणाला. "दिसतंय म्हणून नव्हता लावला."

रूपाने झटकन त्याच्याकडे पाहिले. मामांनी डोळे मिटून घेतले. मग ते उठले, पुढे झाले आणि त्यांनी भाच्याला घट्ट पोटाशी धरले.

"बास," ते रडत म्हणाले. "एवढंच. एवढंच ऐकायचं व्हतं मला. चूक व्हती मानसाकडून. आक्का काय म्हनली असती? पोरगं हाय म्हनली असती." त्यांनी उपरण्याने तोंड पुसले. "चला, जेवून जा. मामी वाट बघत आसंल. पोरी, तूबी चल."

पुढची जीप आली. मामांनी हात करून ती थांबवली, आधी रूपाला बसवले, मग प्रणयला, आणि स्वतः कडेला बसले. जीप भरली आणि सुटली.